साडेतीन वर्षांचा मुलगा बाहेर खेळायला तयारच नाही

प्रश्न: घरात दिवसभर उड्या मारतो पण बाहेर न्यायचं म्हटलं की रडारड. घरातच खेळला तर काय बिघडतं? खरंच एवढा फरक पडतो का?

प्रतिसाद १: पडतो हो, मुख्य म्हणजे डोळ्यांना. बाहेरचा उजेड अगदी ढगाळ असला तरी घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, त्याने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि डोळा वाढताना लांबट होण्याला आळा बसतो असं मानतात, म्हणजे लांबचा चष्मा लागायचे चान्सेस कमी. पण आधीच लागलेला चष्मा खेळून जात नाही हं.

प्रतिसाद २: डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या गाईडलाईनमध्ये ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल सांगितलीय, त्यातली ६० तरी दमवणारी. सोफ्यावर होतं का एवढं? :)

प्रतिसाद ३: आमची पण अशीच रडायची. घसरगुंडीचा आग्रह सोडला, नुसती छोटी बादली आणि जुना चमचा दिला, मातीत बसली ती उठेचना. तुम्ही पण शेजारी बसा, मोबाईल न काढता.

प्रश्नकर्ती: मोबाईलचं बरोबर पकडलंत 😅 उद्या बादली नेते.