एसएसबीच्या पहिल्या दिवसासाठी क्लास लावावा का?

गडवाट

एनडीए किंवा सीडीएस, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षेची, लेखी पास झाली की एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीचं, बोलावणं हातात पडायच्या आधीच क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात. दहा दिवसांत स्क्रीनिंग पक्कं, असं सांगतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या दिवसासाठी क्लासला एक रुपयाही घालू नये.

पहिल्या दिवशी दोनच गोष्टी असतात. एक ओआयआर, म्हणजे ऑफिसर इंटेलिजन्स रेटिंगची चाचणी. दुसरी पीपीडीटी, म्हणजे धूसर चित्र पाहून गोष्ट लिहायची आणि मग गटात चर्चा करायची. दोन्ही मिळून निकाल लागतो. नाव आलं नाही तर त्याच दिवशी परतीचा रस्ता.

ओआयआरच्या दोन पुस्तिका असतात, शाब्दिक आणि अशाब्दिक. एका प्रश्नाला सरासरी अर्धं मिनिट मिळतं, कधी त्याहूनही कमी. प्रश्न स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता पेपरासारखेच: अक्षरमाला, सांकेतिक भाषा, नाती, दिशा, वेगळा घटक, आकृत्यांची मालिका, आरशातली प्रतिमा, फासे, घन, कागदाच्या घड्या. घरी करता येणार नाही असं यात काहीही नाही.

इंग्रजी अक्षरांचे क्रमांक पाठ हवेतच. ई ५, जे १०, ओ १५, टी २०, वाय २५, एवढे पाच खुंट पक्के केले की मधलं अक्षर दोन सेकंदांत सापडतं. उलट्या क्रमातली जोडी काढायला बेरीज २७ धरायची, सी ३ तर समोर एक्स २४. घड्याळाची आरशातली वेळ हवी असेल तर ११:६० मधून वजा करा, ३:४० चे ८:२० होतात. बाराच्या पुढची वेळ असेल तर २३:६० मधून. रंगवलेल्या घनाचे ६४ तुकडे केले तर तीन बाजू रंगलेले ८, दोन बाजू रंगलेले २४, एक बाजू रंगलेले २४ आणि कोरे ८. हे एकदा स्वतः मांडून बघा, पुन्हा पाठ करावं लागत नाही.

रोज एक शाब्दिक आणि एक अशाब्दिक संच, घड्याळ लावून, तीन आठवडे. एवढं पुरेसं आहे.

तिसरा_प्रहर

गडवाट, ओआयआरपुरतं मान्य. पण तुम्ही पीपीडीटी एका वाक्यात उरकलीत, आणि खरी गळती तिथे होते.

चित्र ३० सेकंद दिसतं. मग एका मिनिटात पात्रं किती, त्यांचं वय, स्त्री की पुरुष, मनःस्थिती कशी हे चौकटीत भरायचं आणि पुढच्या ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. इथपर्यंतचं घरी जमेल. त्यानंतर साधारण पंधरा जणांचा गट बसतो, प्रत्येकाने एका मिनिटात आपली गोष्ट तोंडी सांगायची आणि मग सगळ्यांनी मिळून एक सामायिक गोष्ट ठरवायची. सगळे एकाच वेळी बोलायला लागतात. त्या गोंगाटात आपला मुद्दा कसा मांडायचा, हे एकट्याने आरशासमोर बसून कसं शिकणार? त्यासाठी अनोळखी माणसं लागतात, ती क्लासमध्ये मिळतात.

दुसरं इंग्रजीचं. मराठी माध्यमातल्या मुलाला लेखी पास होण्याइतकं इंग्रजी येतं, पण बोलताना मनात आधी मराठी वाक्य तयार होतं. तेवढ्या वेळात समोरच्याचे दोन मुद्दे मांडून होतात. त्याला 'घरी सराव कर' एवढंच सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

काटकोन

ओआयआरच्या सरावाबद्दल एक भर आणि एक विरोध.

भर अशी: एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलांना शंका आली की प्रश्न सोडून देण्याची सवय असते, कारण तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जाण्याची धास्ती असते. लेखीतही तसंच. एनडीएच्या गणिताला बरोबर उत्तराचे २.५ आणि चुकीचे वजा ०.८३, जीएटीला, म्हणजे सामान्य क्षमतेच्या पेपरला, ४ आणि वजा १.३३. ही सवय ओआयआरमध्ये घात करते. तिथे चुकीला वजावट नाही, त्यामुळे वेळ संपताना उत्तरपत्रिकेतला एकही गोल रिकामा ठेवायचा नाही.

रिकाम्या गोलाहूनही वाईट म्हणजे क्रम सरकणं. चौदावा प्रश्न सोडला आणि पंधराव्याचं उत्तर चौदाच्या गोलात गेलं की तिथून खालचं सगळं चूक. म्हणून दर दहा प्रश्नांनी पुस्तिकेतला आणि उत्तरपत्रिकेतला क्रमांक जुळवून घ्यायचा. दोन सेकंदांचं काम आहे. घरी सराव करतानाही उत्तरं वेगळ्या कागदावर गोल काळे करूनच लिहा. पुस्तकातच टिक मारली तर ही चूक कधी दिसतच नाही.

विरोध असा: तीन आठवडे रोज दोन संच हे जास्त होतं. सरावाने वेग वाढतो, पण पहिल्या आठ-दहा संचांनंतर वाढ थांबते, कारण तोवर सगळे प्रकार नजरेखालून गेलेले असतात. त्यानंतर नवे संच सोडवण्यापेक्षा चुकलेले प्रश्न प्रकारानुसार वेगळे करा. बहुतेकांचे दोनच प्रकार कच्चे असतात, फासे आणि कागदाच्या घड्या. फाशाच्या दोन चित्रांत मिळून पाच वेगवेगळे आकडे दिसत असतील आणि एक दोन्हींत असेल, तर न दिसलेला सहावा त्या सामायिक आकड्यासमोर असतो. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सातच येईल असं प्रश्नात म्हटल्याशिवाय धरू नका. घड्यांसाठी खरा कागद घडी करून पेन्सिलीने भोकं पाडा. हाताने दहा वेळा केलं की डोक्यात होऊ लागतं.

गडवाट

काटकोन, संचांची संख्या कमी करायला माझी हरकत नाही. गोलांचा मुद्दा फार महत्त्वाचा.

तिसरा_प्रहर, गट लागतो हे मान्य, क्लासच लागतो हे मात्र मान्य नाही. तालुक्याच्या ठिकाणी अभ्यासिका आहेत, तिथे स्पर्धा परीक्षेची पन्नास मुलं बसलेली असतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी दहा जण गोळा करा. जुन्या वर्तमानपत्रातला फोटो मोबाईलवर धूसर करून ३० सेकंद दाखवा. लिहा, सांगा, चर्चा करा. एकाला बाहेर बसवून कोण किती वेळा बोललं, कोणी कोणाला तोडलं हे टिपायला लावा. त्यात क्लासवाला वेगळं काय करतो?

पाणवठा

क्लासवाला काय करतो ते मी सांगते, आणि माझा विरोध तिथेच आहे. तो तयार गोष्टी देतो.

चित्र कोणतंही असो, अपघात होतो, नायक जखमीला रुग्णालयात नेतो, बक्षीस मिळतं. नाहीतर पूर येतो आणि नायक गाव वाचवतो. समोर बसलेले मूल्यमापक अशा गोष्टी रोज वाचतात. चित्रात तीन माणसं पाण्याच्या कडेला उभी आहेत आणि यांनी त्यात ट्रक घुसवलेला असतो. पाहिलेलं आणि लिहिलेलं जुळत नाही, ही सगळ्यात मोठी चूक.

त्याच चित्रावर कोल्हापूरकडच्या मुलाला किती सोपी गोष्ट सुचू शकते बघा. पावसाळा संपलाय, बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे आहेत, मागच्या वर्षी रबर फाटल्याने पाणी गळून गेलं होतं. बावीस वर्षांचा तरुण आधी सगळे बरगे तपासतो, फाटलेल्या रबराची यादी करतो, पाणी वापर संस्थेकडून खर्च मंजूर करून घेतो, आठ जण जमवून दोन दिवसांत बरगे बसवतो. उन्हाळी पिकाला पाणी टिकतं. यात अडचण आहे, कारण आहे, योजना आहे, माणसं जमवणं आहे, शेवट आहे. शौर्य नाही, आणि त्याची गरजही नाही. असली गोष्ट चार मिनिटांत सहज लिहून होते, कारण ती शोधावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या मानसशास्त्रीय चाचण्यांत तयार माल आणखी उघडा पडतो. टीएटीत चित्रांवर गोष्टी लिहायच्या: बारा चित्रं, त्यात शेवटचं कोरं. प्रत्येकी ३० सेकंद बघायला, ४ मिनिटं लिहायला, म्हणजे सलग ५४ मिनिटं. डब्ल्यूएटीत शब्द पाहून वाक्य लिहायचं: ६० शब्द, प्रत्येकी १५ सेकंद. एसआरटीत प्रसंगात आपण काय करू ते लिहायचं: ६० प्रसंग ३० मिनिटांत. मग स्वतःचं वर्णन १५ मिनिटांत. पाठ केलेला मुखवटा एवढा वेळ टिकत नाही. बाराव्या चित्राला आणि चाळिसाव्या शब्दाला माणूस स्वतःसारखंच लिहायला लागतो, आणि आधीच्या उत्तरांशी त्याचा मेळ बसत नाही.

तिसरा_प्रहर

पाणवठाताई, तयार गोष्टी विकणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण तुम्हीच दिलेलं उदाहरण पाहा. बंधाऱ्याची गोष्ट त्या मुलाच्या डोक्यात आहे, पण 'हे लिहिलं तर चालतं' हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं सैन्यात जायचंय तर सैनिकाचीच गोष्ट हवी. हे सांगायला जाणता माणूस हवा, आणि खेड्यातल्या मुलाला तो सहज भेटत नाही.

डब्ल्यूएटीचंही तेच. 'पराभव' असा शब्द आला की आपली मुलं सुविचार लिहितात: पराभवाने खचू नये. शाळेच्या फळ्यावर दहा वर्षं तेच वाचलेलं असतं. 'पराभवानंतर संघाने क्षेत्ररक्षणाचा सराव वाढवला' असं कृतीचं वाक्य हवं, हे कोणीतरी वही तपासल्याशिवाय कळत नाही. एसआरटीत परीक्षेला जाताना बस बंद पडली तर मुलं 'मदत मागेन' लिहून थांबतात. कोणाची मदत, पुढे काय झालं, पेपर दिला का? 'मागून आलेल्या दुचाकीवरून केंद्र गाठलं, पेपर दिला' एवढं पुरतं, शब्दही जास्त लागत नाहीत. अभ्यासिकेतली दहा मुलं एकमेकांना हे सांगू शकत नाहीत, कारण दहाही जण तीच चूक करत असतात.

माळरान

दोन्ही बाजू वाचल्या. खाजगी क्लास परवडत नाही आणि अभ्यासिकेत जाणतं कोणी नाही, अशांनी काय करायचं?

काटकोन

माळरान, राज्य सरकारची सोय आहे आणि ती फार कमी मुलांना ठाऊक असते. नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, सैनिक कल्याण विभागाचं. एसएसबीसाठी तिथे दहा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. राहणं, जेवण, शिकवणी सगळं मोफत. लेखी पास असल्याचा किंवा एसएसबीच्या बोलावण्याचा पुरावा लागतो, एनसीसीचं सी प्रमाणपत्र आणि गट मुख्यालयाची शिफारस असेल तरी चालतं. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा, केंद्रातल्या प्रवेशाच्या मुलाखतीची तारीख आणि कागद तिथून कळतात. अजून दहावीत असलेल्यांसाठी छत्रपती संभाजीनगरची एसपीआय, म्हणजे एनडीएची पूर्वतयारी करून घेणारी सरकारी संस्था, १९७७ पासून आहे, मुलींसाठी आता नाशिकलाही सुरू झाली आहे. तिथे अकरावी-बारावीची दोन वर्षं मिळतात, दहा दिवसांची घाई नसते.

तिसरा_प्रहर यांना हवा तो जाणता माणूस आणि गडवाट यांना हवा तो पैशांविना मार्ग, दोन्ही इथे एकत्र सापडतात. तरीही ओआयआर आधी घरीच उरका. ते दहा दिवस फासे सोडवण्यात घालवण्यासारखे नाहीत.

पाणवठा

हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत जाऊ पाहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथे एसएसबीखेरीज सीपीएसएस नावाची संगणकावरची वैमानिक अभियोग्यता चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर फ्लाइंगचा दरवाजा कायमचा बंद, बाकी शाखांचा नाही. ओआयआर पुढच्या वेळी सुधारता येतं, हे येत नाही. म्हणून तिथे सूचना चालू असताना नीट ऐका, शंका त्याच वेळी विचारा आणि आदल्या रात्री झोप पूर्ण घ्या. 'नक्की पास करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

गडवाट

नाशिकच्या केंद्राला माझा पूर्ण पाठिंबा, माझा विरोध हमी विकणाऱ्यांना आहे. इंग्रजीच्या मुद्द्यावर मात्र मी अजून ठाम आहे. पीपीडीटीत मिनिटभर बोलण्यासाठी आठ-दहा सोपी वाक्यं लागतात, चित्रात कोण आहे, काय अडलंय, त्याने काय केलं, काय झालं. चर्चेत तर आणखी छोटी. रोज एका चित्रावर मिनिटभर बोलून मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा आणि लगेच ऐका. कुठे अडखळलो ते आपल्याच कानांना कळतं.

तिसरा_प्रहर

अडखळलो ते कळतं, पण पंधरा जण एकदम बोलत असताना कधी तोंड उघडायचं ते नाही कळत. गोष्टी सांगून होत असतानाच कोणाच्या गोष्टीत किती पात्रं, कोणती कृती हे मनात नोंदवत राहायचं. मग चर्चेत 'चौघांनी पाण्याबद्दलच सांगितलंय, तिथून सुरुवात करू' असं म्हटलं की लोक ऐकतात, कारण त्यात त्यांचंही नाव असतं. आवाज चढवून हे जमत नाही. यासाठी गट हवाच, आणि शक्यतो ओळखीचा नसलेला. अभ्यासिकेत करणार असाल तर दर आठवड्याला निम्मी माणसं बदला.