‘येथे टिचकी मारा’ छापील पुस्तिकेत कसं लिहावं?

सांगलीकर
दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरची मराठी मदत लिहितेय. पडद्यावर सगळं ठीक आहे. पण डेअऱ्यांच्या सचिवांना हातात पुस्तिका हवी, म्हणून त्याच मजकुराची पीडीएफ काढली. ‘फॅट कमी लागली तर येथे टिचकी मारा’ हे वाक्य कागदावर तसंच उतरलं. तासगावकडच्या एका सचिवांनी विचारलं, "ताई, कागदावर टिचकी कुठं मारू?" पडद्यावर नि कागदावर दोन्हीकडे चालेल असा शब्द सुचवा. मजकूर दोनदा लिहायचा नाहीये. पुढचा बदल एकीकडे होतो, दुसरीकडे राहून जातो.

कराडकर
‘टिचकी’ मुळातच गैर. टिचकी कॅरमच्या स्ट्रायकरला मारतात, माऊसचं बटण दाबतात. सरळ ‘क्लिक करा’ लिहा.

माहुलीकर
का म्हणून? ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे सावरकरांनी दिलेले शब्द आज सगळे वापरतात. वापरलाच नाही तर शब्द रुळणार कसा?

कराडकर
दिनांक कागदावर लिहून जातो हो. बोलताना तुम्हीही तारीखच म्हणता.

वाईकर
प्रश्न क्लिकचा नाहीच. वाचकाला दुसऱ्या जागी न्यायचंय, बोटाचं काम सांगायचं नाहीये. आमच्या वाईत घडलेला मराठी विश्वकोश उघडा. नोंदीत ‘पहा :’ आणि पुढे दुसऱ्या नोंदीचं नाव. तसं ‘पहा : फॅट कमी लागणे’ लिहा. पडद्यावर ते नावच दुवा होईल, कागदावर नुसतं नाव वाचलं तरी भागेल.

माहुलीकर
‘पाहा’ म्हणा. धातू ‘पाहणे’ आहे.

वाईकर
साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत ‘पाहणे, राहणे, वाहणे’ असंच लिहायला सांगितलंय, पण आज्ञार्थात ‘पहा, रहा, वहा’ यांनाही हरकत नाही असं स्पष्ट म्हटलंय. नियम पुरता वाचा.

माहुलीकर
हरकत नाही म्हणजे सवलत झाली. शाळेत आम्हाला ‘पाहा’च शिकवलं आणि मी तेच लिहिणार.

सांगलीकर
‘पाहा’ लावून बघितलं. दुव्यांपुढे पान क्रमांक छापायची सोयही सॉफ्टवेअरमध्ये सापडली. पण ‘पान १२’ म्हटलं की मजकूर पीडीएफच्या चौदाव्या पानावर निघतो.

मिरजकर
मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका धरून पीडीएफ १४ मोजते, पानाखालचा अंक १२. छापल्यावर वाचक खालचाच अंक बघतो, त्यामुळे १२ बरोबर आहे. वर्डमधून पीडीएफ काढत असाल तर आधी सगळं निवडून एफ९ दाबा, नाहीतर अनुक्रमणिकेत जुनेच अंक राहतात.
आणि ताई, ‘पान’ नको, ‘पृष्ठ’ लिहा. पानाला दोन बाजू, म्हणजे दोन पृष्ठं. पोथीत अंक पानाला एकदाच असतो. छापखान्यात ‘६४ पानं’ सांगितलं की कागदाचा हिशेब दुप्पट धरला जाऊ शकतो. एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घालतात त्या भागाला आम्ही १६ पृष्ठांचा फर्मा म्हणतो तो त्यासाठीच.

कराडकर
काका, पेपराचं ‘पहिलं पान’ म्हणता तेव्हा किती बाजू धरता? सचिवांना ‘पृष्ठ’ वाचायला लावू नका.

मिरजकर
बोलताना पान म्हणा. छापताना पृष्ठच.

सांगलीकर
‘अधिक माहिती’वर टिचकी मारली की उघडणारा मजकूर पीडीएफमध्ये येतच नाहीये. त्यात मशीन कॅलिब्रेट करायच्या पायऱ्या आहेत, त्या कागदावर यायलाच हव्यात. तिथे काय करू?

माहुलीकर
‘कॅलिब्रेट’ कशाला? ‘अंशशोधन’ आहे की.

कराडकर
डेअरीत जाऊन अंशशोधन म्हणून दाखवा.