मदत हवी आहे: प्रिंटर फोनचं ऐकतो, लॅपटॉपचं नाही

नमस्कार मंडळी. घरी दहावीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे प्रश्नपत्रिका सारख्या छापाव्या लागतात. जुना लॅपटॉप दिवाळीत गेला, नवीन विंडोज ११ चा घेतला. प्रिंटर तोच, शाईच्या टाकीवाला, वायफायचा.

पहिले दोन दिवस सुरळीत. मग लाइट गेली, राउटर बंद-चालू झाला आणि तेव्हापासून लॅपटॉपवर प्रिंटर ‘ऑफलाइन’. गंमत म्हणजे त्याच वेळी फोनवरून पान सरकन बाहेर येतं! यूएसबी केबलने छापतो, पण केबल दीड मीटरची आणि प्रिंटर कपाटावर, म्हणजे मी स्टुलावर उभी.

रांगेत अडकलेली कामं रद्द केली, प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) रीस्टार्ट केला. प्रिंटर वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा पकडतो म्हणून लॅपटॉपही त्यावर आणला. काही फरक नाही.

भाचा म्हणतो, राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) दिला असणार आणि लॅपटॉप जुन्याच दारावर टकटक करतोय. प्रिंटरमधून नेटवर्कचं पान छापलं, तर पत्त्याचा शेवटचा आकडा १२. लॅपटॉपच्या पोर्ट्समध्ये, म्हणजे प्रिंटरचा पत्ता नोंदलेला असतो तिथे, मात्र ७! पोरगं बरोबर बोलतंय तर.

आता नवीन टीसीपी/आयपी पोर्ट टाकला तरी पुन्हा लाइट गेल्यावर तेच होणार ना? राउटरमध्ये पत्ता राखून ठेवता येतो म्हणे, पण त्याचा पासवर्ड केबलवाल्याकडे आणि तो फोन उचलत नाही. प्रिंटरच्याच मेनूत पत्ता कायमचा भरला तर चालेल का? कुठला आकडा घेऊ, म्हणजे घरातल्या फोनशी टक्कर होणार नाही? सोमवारी २२ मुलांची सराव परीक्षा आहे.