नकली नखं काढल्यानंतर तुमच्या नखांचं काय झालं? अनुभव लिहा

दिराच्या लग्नासाठी नोव्हेंबरात हौसेनं ॲक्रिलिकची नखं बसवून घेतली. दर तीन आठवड्यांनी पार्लरात जाऊन नख वाढून बुडाशी पडलेली फट भरून घ्यायची, असं करत फेब्रुवारी उजाडला. एका रात्री मालिका बघताना अंगठ्याच्या नखाचा कोपरा सुटलेला दिसला. त्यात दुसऱ्या हाताचं नख घालून ओढलं, टचकन निघालं. मग काय, हात थांबेना. मालिका संपेपर्यंत दहाही नखं बशीत.

सकाळी लसूण सोलायला घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. प्रत्येक नकली नखानं माझ्या नखाचे एक-दोन पापुद्रे सोबत नेले होते. उरलं होतं ते कागदासारखं, दाबलं की वाकणारं. गरम चहाचा कपही धरवेना.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिसतं ते नख मेलेलंच असतं, ते दुरुस्त होत नाही. मागे कातडीखाली मूळ असतं, तिथून नवं येतं, महिन्याला साधारण ३ मिमी. अंगठ्याला सहा महिने धरून चाला. तोवर नखं बारीक कापून ठेवायची, भांडी घासताना हातमोजे, रात्री कुठलंही साधं तेल. मी खोबरेल लावते.

होळीच्या सुमारास मैत्रिणीच्या लग्नात मेंदी काढली, तेव्हा अंगठ्याचं नख मुद्दाम बुडापासून रंगवलं. तळहातावरची पंधरा दिवसांत गेली. नखावरची जात नाही, नखासोबत पुढे सरकते. तिच्यामागे स्वच्छ नख किती आलं ते रोज सकाळी बघते. आता एप्रिल संपत आला, अजून अर्धीही वाट झालेली नाही. तुमचं कसं झालं?

*

मी ठाण्यात नेल टेक्निशियन आहे, म्हणून जरा खडसावून लिहिते. ओढून काढू नका! वरचा थर आधी कानशीनं घासायचा, म्हणजे ॲसिटोन आत मुरतं. मग ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर, त्यावर ॲल्युमिनियम फॉइलची टोपी, आणि १५-२० मिनिटं गप्प बसायचं. मऊ झालेलं लाकडी काडीनं हलकेच सरकवायचं. सरकत नसेल तर पुन्हा भिजवायचं, खरवडायचं नाही. हार्ड जेल मात्र ॲसिटोनला दाद देत नाही, ते घासूनच उतरवावं लागतं आणि तिथे करणाऱ्याचा हात कळतो. मशीन जास्त टेकली की नखावर लाल पट्टा उठतो आणि आग होते. आग झाली की लगेच हात मागे घ्या, सहन करू नका.

निम्म्या ताया मात्र येतात त्याच "जरा लवकर कर गं, रिक्षा थांबवलीय" म्हणत. अशानं नखं जातात.

आणि "नखांना श्वास घेऊ द्या" हे खरं नाही. नख श्वास घेत नाही, त्याला सगळं रक्तातूनच मिळतं. मधे सुट्टी द्यायची ती खाली काय चाललंय ते दिसावं म्हणून.

*

खाली काय चाललंय यावरून माझं सांगते. अनामिकेचं नकली नख एका बाजूनं उचललं होतं, मी वरून गोंद लावून दामटलं. दोन आठवड्यांनी काढलं तर खालचं नख हिरवं! सासूबाई म्हणाल्या हळद असेल. हळदीनं पिवळं होतं हो, शेवाळी नाही. फटीत पाणी साचून स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढले होते. डॉक्टरांनी सुटलेला भाग कापला, थेंब दिले आणि बोट कोरडं ठेवायला सांगितलं. कणीक मळणाऱ्या बाईला बोट कोरडं ठेव म्हणणं सोपं आहे. दोन महिने पोळ्या नवऱ्यानं केल्या. त्यांच्या आकाराविषयी वेगळा धागा काढावा लागेल.

*

लेस्टरहून लिहितेय. मी ऑनलाइन संच मागवून घरीच जेल लावायचे. जेल कडेच्या कातडीला लागायचं, मी पुसून टाकायचे. काही महिन्यांनी बोटांची टोकं फुटायला लागली, नखं जागची सुटली आणि पापण्यांना इतकी खाज की बस. पापण्यांचा आणि नखांचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार? पॅच टेस्टला पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवस ठेवल्या, अंघोळ बंद. निघाली जेलमधल्या ॲक्रिलेटची ॲलर्जी, त्यातही हेमा नावाच्या घटकाची. कच्चं, नीट न सुकलेलं जेल कातडीला पुन्हापुन्हा लागलं की हे होतं.

नखं चार-पाच महिन्यांत बरी झाली. ॲलर्जी कायमची. दातात सिमेंट भरायचं असो की मधुमेहाचा सेन्सर दंडाला चिकटवायचा असो, आधी सांगावं लागतं, कारण त्यातही ॲक्रिलेट असू शकतं. जेल सुकवायचा दिवा दोन मिनिटं कमी लावला की जास्त याचा विचार तेव्हा कधी केला नव्हता.

*

पुरुषांना परवानगी आहे ना? मी क्लासिकल गिटार वाजवतो. उजव्या हाताची नखं तुटायची म्हणून तीन बोटांना ॲक्रिलिक लावायचो. काढल्यावर चार महिने नुसत्या बोटांनी वाजवलं. आवाज गोधडीखालून येतोय असा, पण नखं परतली.

*

नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त तपासायच्या आधी डॉक्टरांना नक्की सांगा. मी रोज १० मिग्रॅ घेत होते. थायरॉइडचा रिपोर्ट असा आला की मला हायपरथायरॉइड आहे म्हणून औषध सुरू होणार होतं. डॉक्टरांनी सहज विचारलं, "आणखी काय घेता?" गोळ्या थांबवून पुन्हा तपासलं, सगळं नीट. हिमोग्लोबिन मात्र ९. नखं ठिसूळ होती ती त्यामुळेही असतील, आणि मी खापर फोडत होते पार्लरवर.

*

मी नर्स. वॉर्डात नकली नखांना बंदीच आहे, त्यांच्याखाली जंतू राहतात, हात धुतले तरी. लग्नापुरती लावली, रजा संपायच्या आत उतरवली. नखांना काहीच झालं नाही. चार दिवसांत काय होणार म्हणा.

*

सगळे काढायचंच सांगताहेत, तर मी उलटं सांगते. लहानपणापासून नखं कुरतडायचे, अगदी जिवाळीपर्यंत, वर्षातून दोनदा नखुरडं ठरलेलं. ॲक्रिलिकवर दात चालत नाही! सहा महिने लावली, सवय मोडली, मग वरच्या ठाण्याच्या ताईंनी लिहिलंय तशी भिजवून काढली. खालची नखं पातळ होती, पण पहिल्यांदाच बोटाच्या बाहेर आलेली होती. आईला फोटो पाठवला.

*

धागा काढणारी मी परत आले. मेंदीचा शेवटचा तांबडा कपटा गेल्या आठवड्यात नेलकटरनं कापला. नखं वाढल्याचं मात्र मला चतुर्थीला कळलं. मोदकाच्या कळ्या पाडत होते, पारीला नख लागलं आणि सारण बाहेर.