पेटीची सवय असलेला डावा हात, पियानो आणि शेजारचे माग: रेकॉर्डिंग टाकू की थांबू?

पेटीवाला_वडगाव

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वडगावात घर, उद्यमबागेत सीएनसी मशीनवर सेटर आहे, म्हणजे मशीन मापाला लावून देतो. वय ४७. शाळेत असल्यापासून गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. दोन वर्षांमागं कॅम्पातलं एक कुटुंब गोव्याला राहायला निघालं, त्यांच्याकडून डिजिटल पियानो घेतला. ८८ पट्ट्यांचा, पट्ट्यांना वजन असलेला. बायको म्हणाली, "पेटी हाय की घरात." मी म्हटलं, तीस वर्षं डावा हात नुसता भाता मारतोय, त्याला एकदा कामाला लावून बघूया.

सध्या जी मेजरमधला मिनुएट वाजवायलोय. जुन्या युरोपी नाचाची चाल, जर्मन संगीतकार बाखच्या नावानं असते तीच, शिकणारे सगळे वाजवतात. एकूण ३२ बार, एकेक बार तीन मात्रांचा. उजवा हात महिन्यात बसला. पेटीच्या हिशोबानं पांढरी पाचचा (म्हणजे जीचा) सा धरला की झालं. डाव्या हाताला आठ महिने लागले. दोन्ही हात एकत्र यायला किती लागले ते विचारू नका.

आता अडचण सांगतो. तुम्ही सगळे इथं रेकॉर्डिंग टाकता, मी नुसता ऐकत बसतो. मागच्या आठवड्यात धाडस करून मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून लावला आणि वाजवलं. ऐकलं तर दोन गोष्टी कळल्या.

एक म्हणजे, शेजारी यंत्रमाग आहेत. चार माग, सकाळी आठपासून चालू. एवढी वर्षं तो आवाज कानाला जाणवतच नव्हता, रेकॉर्डिंगमध्ये मात्र पियानोच्या वर तोच. वर गंमत अशी की मी मेट्रोनोम मिनिटाला १०० ठोक्यांवर लावून बसतो आणि चौथ्या ओळीपर्यंत मागाच्या ठेक्याला जाऊन मिळतो. मोजला, ११६ च्या आसपास निघाला. मला सेकंड शिफ्ट असते, त्यामुळं वाजवायला सकाळच मिळते. रात्री आल्यावर पोरगा झोपलेला असतो, हेडफोन लावून वाजवतो, तेव्हा मोबाईलमध्ये नुसती पट्ट्यांची खटखट येते. माग थांबतात फक्त करंट गेल्यावर. आणि करंट गेला की माझा पियानोही थांबतो!

दुसरी गोष्ट जास्त लागली. सगळं एकाच आवाजात वाजतंय. चढ नाही, उतार नाही. टायपिंग केल्यासारखं.

तर प्रश्न असा: हे असंच टाकू, की आधी सुधारू आणि मग टाकू? आणि एक विनंती. "वा दादा, मस्त" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या. ते आमच्या मंडळात दर एकादशीला मिळतंय. चुकलेली जागा सांगणारं कुणीतरी पाहिजे.

निपाणीचा_कीबोर्डवाला

काका, टाका बिनधास्त. पण त्याआधी एक सांगतो. "एकाच आवाजात वाजतंय" हा दोष निम्मा मोबाईलचा असू शकतो. मोबाईल स्वतःच आवाजाची पातळी सांभाळतो. हळू वाजवलं की वर ओढतो, जोरात वाजवलं की दाबतो. वर शेजारी माग चालू म्हणजे त्याचा पुरता गोंधळ. आम्ही लग्नाच्या सीझनला ऑर्केस्ट्राचं मोबाईलवर रेकॉर्डिंग घेतो तेव्हा ढोलकी आणि बासरी सारख्याच आवाजात येतात. त्यावरून वादकाला माप लावू नका.

पियानोला हेडफोनची जाड पिनची दोन भोकं आहेत का बघा. असतील तर एकात तुमचा हेडफोन आणि दुसऱ्यातून वायर काढून लॅपटॉपला. मध्ये एक साधं यूएसबी साउंडकार्ड लागेल, मोबाईलच्या दुकानात स्वस्तात मिळतं. मग माग, कुकर, कुत्रं, काहीही आत येत नाही. रात्री बारा वाजता वाजवलं तरी चालेल.

आणि प्रिंटरला असते तशी चौकोनी यूएसबी मागं असेल तर त्यातून मिडी काढा. मिडीत आवाज येत नाही, कुठली पट्टी किती जोरात मारली त्याचे आकडे येतात. १ ते १२७. मिडी रेकॉर्ड करणारं कुठलंही मोफत सॉफ्टवेअर चालेल. तुम्ही सेटर आहात, तुम्हाला आकडे आवडतील.

अजून एक, पियानोच्या सेटिंगमध्ये टच "फिक्स्ड" वर तर नाही ना? आधीच्या मालकानं करून ठेवला असेल तर कसंही वाजवा, सगळं सारखंच येणार.

रेवा_खानापूर

तुमची मागाची कथा वाचून हसले आणि माझी आठवली. आमच्याकडे आजोबांचा जुना उभा पियानो आहे, खरा, तारांचा. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. जुलैत पट्ट्या फुगतात, दाबलेली पट्टी वर येत नाही. खालच्या फळीच्या आत एक छोटा बल्ब कायम जळता ठेवलाय, दमटपणा जरा कमी राहावा म्हणून. आजोबाही तेच करायचे. तरी श्रावणात मधल्या सप्तकातले दोन स्वर बेसूरच असतात आणि ट्यूनर काही शेजारच्या गल्लीत राहत नाही. मी तसंच वाजवते, तसंच रेकॉर्ड करते.

"आधी सुधारू" हे मी चार वर्षं केलं. एकही रेकॉर्डिंग झालं नाही. मग नियम केला: दर महिन्याच्या एक तारखेला, जे येतंय ते, जसं येतंय तसं. एक तुकडा सालभर धरला, फ्रेंच संगीतकार सातीचा पहिला जिम्नोपेदी. १८८८ चा आहे आणि इतका संथ की चूक लपवायला जागाच नाही. जानेवारीचं आणि डिसेंबरचं एकापाठोपाठ ऐकलं तेव्हा कुठे कळलं काय बदललं ते. मधल्या कुठल्याही महिन्यात मला काहीच फरक वाटला नव्हता.

हात थरथरतात का रेकॉर्ड सुरू केल्यावर? तुम्ही लिहिलं नाहीत, पण थरथरत असणार. त्यावर माझा उपाय: रेकॉर्डिंग चालू करून अर्धा तास विसरून जाणे. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत मोबाईलची लाज वाटेनाशी होते. पहिलं कधीच टाकत नाही, आणि पुसतही नाही.

टिळकवाडी_जुना

पेटीवाले, तुम्ही डाव्या हाताला दोष देताय. मला तो हातांचा दोष वाटत नाही, वाद्याचा वाटतो. पेटीत पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच निघतो. जोर सगळा भात्यात. म्हणजे तीस वर्षं तुमचा डावा हातच आवाज लहानमोठा करत होता, उजव्या हाताला त्याचा पत्ताच नव्हता. आता पियानोवर भाता नाही. प्रत्येक बोटाला आपापला भाता मारायचाय.

आणि डावा हात भात्यालाच असतो असंही नाही. संगीत नाटकांत साथीला ऑर्गन असायचा, भाता पायानं. दोन्ही हात मोकळे. घरोघरी पायपेट्याही होत्या. माझ्या लहानपणी शहापुरात एका वाड्यात मी पाहिलीय, वाजवणाऱ्याचा डावा हात खाली खर्ज धरून बसलेला असायचा. आपलं गाव पेटीवादक विजापुरे मास्तरांचं. पेटी म्हणजे हलकं वाद्य, असं इथं कुणाला पटवायला जाऊ नका. आकाशवाणीनं १९४० पासून तीस वर्षं पेटीला दार बंद ठेवलं होतं, तरी इथल्या पेट्या काही थांबल्या नाहीत.

जाता जाता: तो मिनुएट बाखचा नाही. पेट्झोल्ड नावाच्या माणसाचा. बाखच्या बायकोच्या १७२५ च्या वहीत उतरवून घेतलेला, त्यामुळं फार वर्षं बाखच्या नावावर खपला. १९७० च्या दशकात उलगडा झाला. पुस्तकवाले अजून जुनंच छापतात.

आणि एक मजा बघा. पांढरी पाचचा सा धरलात ना? मग दुसऱ्या भागात, विसाव्या बारमध्ये, काळी एक येते. तुमच्या हिशोबानं ती कोण?

पेटीवाला_वडगाव

तीव्र मध्यम!! आणि पुढं लगेच पंचम. रोज वाजवतोय आणि डोक्यात आलंच नाही. आधी पांढरी एकचा शुद्ध मध्यम येऊन गेलेला असतो, म्हणजे बिहागासारखे दोन्ही मध्यम. तिथं मी कायम अडखळायचो. आज तो "सी शार्प" म्हणून न वाजवता पंचमाला जायचा तीव्र मध्यम म्हणून वाजवला, तर बोट आपोआप गेलं. धन्यवाद काका.

रेवाताई, थरथरतात. बरोबर ओळखलंत. डाव्या हाताची करंगळी जास्त.

आता निपाणीकरांचा हिशोब. टच फिक्स्ड वर नव्हता, मीडियम होता. पोराच्या लॅपटॉपवर मिडी घेतलं. रविवारी सकाळी बसून दोन्ही हातांचे आकडे वहीत उतरवून काढले. उजवा हात: ७०, ८४, ७७, ९१. वरखाली आहे, म्हणजे तो थोडाफार बोलतोय, तो दोष मोबाईलचाच होता. डावा हात: ९२, ९४, ९३, ९१, ९३, ९२.

मी बघतच बसलो. एवढी बारीक टॉलरन्स मला मशीनवर मिळाली तर क्वालिटीवाला पेढे वाटेल. आयुष्यभर हेच केलं, हजार नग एकसारखे काढायचे. आणि इथं नेमका तोच रिजेक्ट माल! वर डावा उजव्यापेक्षा जोरात. म्हणजे भजनात टाळ मोठे आणि बुवा बारीक, तसलं झालंय.

आता करायचं काय? डावा नुसता "हळू वाजव" म्हणून हळू होत नाही. हळू करायला गेलो की पट्टी वाजतच नाही, रिकामी जाते.

निपाणीचा_कीबोर्डवाला

काका, आकडे बघून वेडा झालो. कुणी वहीत उतरवून काढतं का 😄

डाव्याला एकट्यालाच बसवा. टार्गेट ५५ ते ६०. पट्टी मारू नका, बोट आधी पट्टीवर टेकवून ठेवा आणि मग दाबा. रिकामी जाते कारण तुम्ही वरून सोडताय. आणि उजवा हात वाजवू नका, तोंडानं गा. गाताना डावा आपोआप साथीसारखा हळू होतो की नाही बघा. तुम्ही बुवांना साथ केलेली आहे, तुम्हाला जमणार.

अजून एक: पियानोचा अडाप्टर बहुतेक १२ व्होल्टचा असणार. घरात इन्व्हर्टर आहे का?

रेवा_खानापूर

गाण्याची युक्ती बरोबर आहे. मी मात्र आकडे बघत नाही, मला भीती वाटेल. मी डोळे मिटून डाव्या हाताचा शेवटचा स्वर कुठे विरतो तेवढं ऐकते. पेटीत सूर भाता असेपर्यंत सरळ राहतो ना? पियानोचा दाबल्या क्षणापासून मरायला लागतो. ते ऐकायची सवय लागायला मला पेटी येत नसूनही वर्ष गेलं.

पेटीवाला_वडगाव

मंडळी, अठरा दिवसांनी आलो. शिफ्ट बदलली होती.

इन्व्हर्टर आहे. दोन पंखे आणि तीन बल्बवर आहे, पियानोचा प्लग त्यावर घ्यायचं सुचलंच नव्हतं. वायरमन बोलवायची गरज पडली नाही, नुसतं एक्स्टेन्शन ओढलं. तर गुरुवारी साडेनऊला पाऊस आला आणि करंट गेला. चारही माग एकदम बंद. असली शांतता आमच्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती, कारण एरवी करंट गेला की मीही उठून चहा प्यायला जातो. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवला आणि वाजवलं. वायरवालं स्वच्छ रेकॉर्डिंगही आहे माझ्याकडं, पण ते टाकत नाही, हे टाकतोय. खाली दिलंय. १ मिनिट ५० सेकंद. पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईल, तो चालवून घ्या.

डावा आता ५८ ते ७४ मध्ये आहे. सत्तरच्या वर गेलेले सगळे आठव्या बारच्या आसपास आहेत, तिथं मला घाई होते. तीव्र मध्यम नीट आलाय. शेवटच्या चार बारांत एक स्वर खाल्लाय, कुठला ते सांगत नाही, सांगा ओळखून.

वाजवून झालं तर खिडकीत मागवाले अण्णा उभे. काम बंद, म्हणून ऐकत होते. "छलो ऐति," म्हणाले, म्हणजे कन्नडात "छान आहे". मग विचारलं, "एवढं हळू का वाजवतोस? पेटी जोरात वाजवतोस की."

टिळकवाडी_जुना

ऐकलं. तीनदा. ३० व्या बारमध्ये डाव्या हातातला मधला स्वर गेला. आठव्याला घाई आहेच, पण सोळाव्याला, पहिला भाग संपताना, तुम्ही थांबलात. कुणी शिकवलं तिथं थांबायला? तसंच ठेवा.

रेवा_खानापूर

मला ३० वा नाही, ३१ वा वाटला. पुन्हा ऐकते. पाऊस सुंदर आला आहे, आमच्यापेक्षा कमीच आहे तुमच्याकडे. एक तारखेला पुढचं टाका.

निपाणीचा_कीबोर्डवाला

३१ वा. मिडी पाठवा काका, आत्ता मिटवतो वाद.

पेटीवाला_वडगाव

मिडी नाही घेतलं त्या दिवशी. लॅपटॉप पोरगा कॉलेजला घेऊन गेला होता. आता तुम्हीच भांडा, मी शिफ्टला निघालो.