प्रतिसाद: संवादाआधी प्रसंग

वर म्हटलंय, संवाद खणखणीत असले की नाटक उभं राहतं. मला नाही पटत. धनंजयाने ‘दशरूपका’त, म्हणजे नाट्यशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, रूपकांचे (नाट्यप्रकारांचे) भेद सांगताना वस्तू (कथानक), नेता (नायक), रस हे तीन आधार धरले, संवाद त्यांत नाहीत. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात सुधाकराची वकिलीची सनद काही काळ रद्द होते, अपमान आत सलतो आणि नेमका तेव्हाच दारुडा तळीराम पेला पुढे करतो. वाक्यं बदलली तरी तो प्रसंग हलणार नाही.

इंदुरात आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकाला मी विंगेत प्रॉम्प्टिंगला (विसरलेलं वाक्य हळूच सुचवायला) असते. एकदा आईचं काम करणाऱ्या काकूंनी मुलाचं पत्र वाचलं, चार घड्या घातल्या, कमरेला खोचलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या. एक शब्द नाही! मांडवातली कुजबुज थांबली. (पोरंसुद्धा गप्प.) नाटकातला संघर्ष म्हणतात तो हाच.