शब्दचर्चा: प्रेरणा, स्फूर्ती आणि ‘सुचत नाही’

माटुंगा रोड
लेखन आणि रेखाटन यांच्या चार आठवड्यांच्या कार्यशाळेचे पत्रक मराठीत करायचे आहे. वर्ग दादरला, मूळ मसुदा इंग्रजीत. त्यात ‘सोर्सेस ऑफ इन्स्पिरेशन’ असा एक भाग आहे. सध्या ‘प्रेरणास्त्रोत’ लिहिले आहे, पण ते रेल्वेच्या उद्‌घोषणेसारखे वाटते. प्रेरणा म्हणावे की स्फूर्ती? आणि ‘प्रेरणा शोधणे’ असे मराठी माणूस म्हणतो का?

कोशकिडा
आधी शुद्धलेखन. ‘स्त्रोत’ नव्हे, ‘स्रोत’. स ला नुसता र जोडायचा, मध्ये त नाही. ‘स्त्री’ आणि ‘स्तोत्र’ लिहायची सवय असल्यामुळे हात घसरतो. मूळ ‘स्रोतस्’ म्हणजे वाहते पाणी. ‘जिथून मिळते ते ठिकाण’ या अर्थाने तो आता सर्रास छापला जातो, पण बोलताना कुणाच्या तोंडी नसतो. इतिहासवाले ‘साधने’ म्हणतात आणि तो शब्द तुमच्या कामाला जास्त जवळचा आहे, कारण साधन वापरायचे असते.

आता मुख्य जोडी. ‘प्रेरणा’ प्र + ईर् या धातूवरून येते. ईर् म्हणजे हलवणे, चालवणे. त्यामुळे प्रेरणा म्हटली की ढकलणारे कोणीतरी किंवा काहीतरी आलेच: गुरू, आई, एखादे चरित्र, एखादा अन्यायसुद्धा. ‘स्फूर्ती’ स्फुर् वरून येते. थरथरणे, लवणे, लखकन चमकणे हे त्याचे अर्थ. डोळा स्फुरतो, बाहू स्फुरतात, ओळ स्फुरते. ढकलणारा दिसला नाही तरी चालते. म्हणून ‘स्फुरण चढते’ म्हणतो, ‘प्रेरणा चढते’ म्हणत नाही. आणि एखादी प्रेरणा वीस वर्षे पुरते, स्फूर्ती मात्र चहा निवेपर्यंतही टिकेल याची खात्री नाही.

लिहिताना एक सांभाळा. ‘स्फूर्ती’त फू दीर्घ, ‘स्फुरण’मध्ये फु ह्रस्व. सुटा शब्द ‘स्फूर्ती’, पण समासात ‘स्फूर्तिस्थान’, ‘स्फूर्तिदायक’, ‘स्फूर्तिगीत’. कवी पण कविसंमेलन, बुद्धी पण बुद्धिबळ, तसेच हे.

बाराखडी
कोशात दोन्ही शब्द आहेत, पण रोजच्या तक्रारीत दोन्ही नाहीत. कोऱ्या कागदापुढे बसलेला माणूस म्हणतो, ‘काही सुचत नाहीये.’ मराठीचा खरा शब्द तो. त्याचे व्याकरण बघा. ‘मी सुचतो’ होत नाही, ‘मला सुचते’ होते. आठवणे आणि आवडणे यांच्याच जातीचे क्रियापद. पण ‘आठव बघू’ अशी आज्ञा तरी करता येते, ‘सूच बघू’ म्हणता येत नाही. प्रयोजक रूप करायला गेलो तर ‘सुचवणे’ होते, आणि ते दुसऱ्याला करायचे असते. स्वतःला काही सुचवता येत नाही.

म्हणून ‘प्रेरणा शोधणे’ खटकते. जे आपल्याकडे चालत येते त्याच्यामागे पिशवी घेऊन निघाल्यासारखे वाटते.

लाल शाई
बाराखडीताईंचे मान्य, पण मग कार्यशाळेत शिकवायचे काय? ‘येईल तेव्हा येईल’ असे सांगून फी घेता येणार नाही.

नवोदितांच्या बोलण्यात ‘प्रेरणा मिळत नाही’ हे एकच वाक्य तीन निरनिराळ्या दुखण्यांसाठी वापरलेले दिसते. मराठीत तिन्हींना वेगळे शब्द आहेत, आणि शब्द चुकला की औषधही चुकते.

पहिले: ‘कशासाठी लिहू?’ इथे अडलेली असते ती खरोखर प्रेरणा. आवडत्या लेखकाचे चरित्र, चांगला गुरू, एखादी चीड, कुणाला तरी दिलेला शब्द, हे इथे लागू पडते. मुदत या यादीत कुणी धरत नाही, पण ती धरायला हवी. मराठी दिवाळी अंकांची परंपरा १९०९ साली मुंबईतच ‘मनोरंजन’च्या अंकाने सुरू झाली, आणि तेव्हापासून किती कथा निव्वळ संपादकाच्या पत्रामुळे पुऱ्या झाल्या असतील! अंक दिवाळीत येतो, पण मजकूर पावसाळ्यात द्यावा लागतो.

दुसरे: ‘काय लिहू?’ हे म्हणजे सुचत नाही. इथे चरित्रे आणि सुविचार वाचून काही होत नाही. भात्यात हवा भरपूर आहे, शेगडीत कोळसाच नाही, अशी ही गत. इथे लागते ते खाद्य: बघितलेले, ऐकलेले, टिपलेले.

तिसरे: ‘विषय आहे, कारणही आहे, पण बसवत नाही.’ हा हुरूप किंवा उमेद गेल्याचा प्रकार. उमेद फारसीतून आली. तिकडे ती आशा, आपल्याकडे मात्र अंगातली धमक. म्हणून ‘उमेदीची वर्षे’ म्हणतो. याच्यावर बहुतेक वेळा इलाज म्हणजे झोप, आणि काम लहान करणे. ‘आज कथा’ नको, ‘आज फक्त जिन्यावरचा संवाद, दहा ओळी’.

सगळ्यात जास्त फसगत दुसऱ्या दुखण्याला पहिल्याचे औषध देण्यात होते. माणूस सभागृहातून भाषण ऐकून भारावून बाहेर पडतो, घरी येऊन वही उघडतो आणि पान कोरेच राहते. मग स्वतःला आळशी ठरवतो. आळशी नसतो तो, त्याच्याकडे सामान नसते.

कोशकिडा
लाल शाईंचे दुसरे दुखणे जुनेच आहे. अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याचे कारण सांगताना तीन गोष्टी एकत्र बांधल्या: शक्ती, निपुणता आणि अभ्यास. शक्ती म्हणजे उपजत प्रतिभा. निपुणता येते ती लोक (म्हणजे भोवतालचे जग), शास्त्र आणि काव्य यांच्या अवलोकनातून, आणि त्यात ‘लोक’ पहिला आहे हे लक्षात घ्या. अभ्यास म्हणजे जाणत्यांच्या हाताखाली पुनःपुन्हा करणे. शिवाय तो कारणे तीन नव्हेत, तिन्ही मिळून एकच असे मानतो. म्हणजे एक काढले की उरलेली दोन लंगडी.

तुरेवाला
‘उत्स्फूर्त’ या शब्दाबद्दलही असाच गैरसमज आहे. लोकांना वाटते, आयत्या वेळी, तयारीशिवाय. लालबाग-परळच्या सभागृहांत शक्ती-तुऱ्याचा सामना ऐका. समोरच्या शाहिराने सवाल टाकला की जवाब तिथल्या तिथे रचून चालीत बसवायचा असतो. हे उत्स्फूर्तच आहे. पण पुराणकथा तोंडपाठ, यमकांचे साठे तयार, चाली बसलेल्या, एवढे अगोदरचे असते. जागेवर घडते ती फक्त जोडणी. पाठांतर थोडे असलेला शाहीर सवाल कळला तरी अडकतो, कारण उत्तर माहीत असते आणि यमक सापडत नाही.

गाणारे याला ‘उपज’ म्हणतात. नवी जागा मैफलीत सुचते, पण गळा पलट्यांनी, म्हणजे स्वरांच्या सरावाने, फिरता झालेला असेल तरच ती गळ्यातून निघते. नाहीतर सुचते आणि गळ्याशीच अडते.

शिसपेन
पत्रकाच्या कामाचे बोलू या. ‘खाद्य’ जमवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे लिहिले नाही तर लोक ‘निरीक्षण करा’ एवढे वाचून पान उलटतील.

वही खिशात मावेल एवढी, शिलाईची. सुट्या पानांची किंवा गोंदाने चिकटवलेली नको, पावसाळ्यात पाने सुटतात. जेल पेन टाळा. जून ते सप्टेंबर मुंबईत दमट कागदावर जेलची शाई पसरते आणि एक थेंब पडला तर ओळच जाते. साधी एचबी शिसपेन्सिल ओल्या हातानेही चालते. २बी रेखाटनाला छान, पण समोरच्या पानावर काजळी उठवते, म्हणून लिहिण्यासाठी नको.

टिपण कसे करायचे यात बहुतेकांचे चुकते. संध्याकाळच्या लोकलचे उदाहरण घ्या. एक टिपण असे:

‘महिला डबा. नोकरदार स्त्रीची धडपड. डोळ्यांत पाणी आले.’

दुसरे असे:

‘मेथी निवडतेय. देठ डावीकडच्या कापडी पिशवीत, पाने मांडीवरच्या वर्तमानपत्रात. शेजारणीने न विचारता अर्धी जुडी घेतली. दादर येताच पेपरची पुरचुंडी.’

पहिल्यात बघणाऱ्याचे मत आहे. महिन्याभराने ते वाचले तर त्यातून काहीच निघत नाही, कारण मत आधीच काढून झालेले असते. दुसऱ्यात ‘न विचारता’ हा शब्द आहे, आणि कथा तिथे बसली आहे. म्हणून नियम साधा ठेवा: हात काय करताहेत ते लिहा, वस्तू लिहा, बोललेला शब्द जसाच्या तसा लिहा, विशेषणे घरी ठेवा. वर तारीख आणि ठिकाण. एका टिपणाला तीन-चार ओळी पुरतात.

फोनवर फोटो काढणे हा पर्याय नाही. फोटोत सगळेच येते, त्यामुळे आपल्याला नेमके काय खटकले ते हरवते. काढायचाच तर खाली एक ओळ लिहून ठेवा. आणि परवानगीशिवाय डब्यातल्या बायकांचे फोटो काढू नका, हे वेगळे सांगायला नको.

मग मुरवणे. टिपण त्याच रात्री वापरले की बहुधा बातमी होते. आठवड्यातून एकदा अर्धा तास वही चाळा, दोन टिपणांवर खूण करा आणि प्रत्येक अर्धे पान वाढवा. महिन्याने पुन्हा बघा. एकमेकांशी संबंध नसलेली दोन टिपणे शेजारी ठेवून पाहिली की ‘सुचले’ असे ज्याला म्हणतो ते होण्याची शक्यता सगळ्यात जास्त. इथेच गळती होते: वह्या भरतात, पण कोणी उघडत नाही.

रेखाटनाला ठिकाण एकच निवडा. मुंबईच्या महात्मा फुले मंडईच्या (क्रॉफर्ड मार्केट) दर्शनी कमानींवरची उठावशिल्पे घ्या. मंडई १८६९ची, शिल्पांची रचना जे. जे. कला शाळेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची. भाजी-फळे घेऊन रोज त्यांच्याखालून जाणाऱ्यांपैकी मान वर करणारे थोडे. समोरच्या पदपथावर वाट न अडवता उभे राहा आणि एकाच आकृतीवर वीस मिनिटे द्या. पहिली पाच मिनिटे आपण ‘शेतकरी कसा असतो’ ते काढतो, समोर आहे ते नव्हे. सहाव्या मिनिटानंतर खांदा, कापडाची घडी दिसू लागते. घरी जाऊन तेच आठवणीतून काढा. जिथे रेघ थांबली तेवढे बघायला दुसऱ्या दिवशी परत जा. एका दिवसात मंडई, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि जहांगीर कलादालन असा फेरफटका मारला तर पाय दुखतील, एवढेच.

बाराखडी
शिसपेनरावांनी ‘मुरवणे’ म्हटले, तो शब्द पत्रकात जरूर घ्या. लोणच्याच्या बरणीतून आला असला तरी ‘प्रक्रिया’ या शब्दापेक्षा शंभर पटींनी बरा.

माटुंगा रोड
फार उपयोग होतोय. आणखी एक अडचण. मसुद्यात ‘इन्स्पायर्ड बाय’ पाच-सहा ठिकाणी आहे. ‘प्रेरित’ लिहू का?

लाल शाई
शक्यतो नको. वर्तमानपत्रांनी ‘राजकीय हेतूने प्रेरित’ इतक्यांदा छापले आहे की ‘प्रेरित’ला आता संशयाचा वास येतो. शिवाय त्या एका इंग्रजी शब्दाच्या आड चार वेगळे व्यवहार लपतात. एखादे चित्र बघून कविता सुचली, तर ‘त्या चित्रावरून सुचलेली’. कथानक घेतले, तर ‘बेतलेली’. पात्रे-प्रसंग आपल्या मातीत आणले, तर ‘रूपांतर’. भाषा बदलली, तर ‘अनुवाद’.

हा फरक नुसत्या शब्दांचा नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. लेखक १९६० साली वारला असेल तर त्याचे लेखन १ जानेवारी २०२१ला खुले झाले. त्या आत रूपांतर किंवा अनुवाद करायचा तर परवानगी लागते. निव्वळ कल्पनेवर मात्र हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. नाटकावरून चित्रपट केल्याच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच स्पष्ट केले. म्हणजे ‘सुचलेली’ला कोणी अडवत नाही. ‘बेतलेली’ला विचार करावा लागतो, आणि ‘रूपांतर’ला पत्र लिहावे लागते. ‘प्रेरित’ लिहून हा प्रश्न झाकता येतो, म्हणूनच तो शब्द इतका लाडका.

तुरेवाला
‘वरून सुचलेली’ फार आवडले. ऋण मान्य आहे आणि मान ताठ आहे.

माटुंगा रोड
मग असे करते. भागाचे नाव ‘खाद्य आणि मुरवण’. आत तीन उपशीर्षके: ‘कशासाठी? (प्रेरणा)’, ‘काय? (सूचणे)’, ‘बसवत नाही? (हुरूप)’. ‘स्रोत’ काढून टाकला. ‘स्फूर्ती’ एकदाच येते, प्रस्तावनेत, बरोबर फू लिहून.

कोशकिडा
‘सुचणे’त सु ह्रस्व. ‘सूचना’ तत्सम, म्हणून तिथे दीर्घ. ‘सुचणे’ मराठी वळणाचा झाला, म्हणून ह्रस्व. ‘मुरवण’ मात्र माझ्या कानाला दह्याचे विरजण वाटते. ‘खाद्य आणि मुरवणे’ असेच राहू द्या.

शिसपेन
आणि सामानाच्या यादीत वही कोरी लिहा, आखीव नको. लिहिणाऱ्यांना कोऱ्या पानाची सवय दोन दिवसांत होते, पण चित्र काढणाऱ्यांना रेघा शेवटपर्यंत आड येतात.